३८३ स्ट्रोकर आणि मशीन शॉपची रांग : माझा अनुभव

ज्यांना जुन्या गाडीचं इंजिन बांधायचंय त्यांना पहिलं सांगतो, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कुठला, कार्बोरेटर केवढा यावर रात्र रात्र वाद घालू नका, आधी मशीन शॉप (इंजिनाचे भाग कापून-घासून देणारं वर्कशॉप) शोधा आणि नंबर लावा. बाकी सगळं घरपोच मिळतं, पैसे टाकले की आठवड्यात बॉक्स दारात. ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) बोअर करून, म्हणजे त्यातले सिलेंडर कापून रुंद करून देणारा माणूस मात्र बॉक्समध्ये येत नाही.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. गाडी १९७० ची, शेव्हरोलेची शेव्हेल मलिबू. एसएस (सुपर स्पोर्ट, तिचं जोरदार मॉडेल) नाही आणि मी खोटे एसएस बॅज लावलेलेही नाहीत, हे मुद्दाम सांगतो कारण इथे प्रत्येक दुसऱ्या शेव्हेलला ते असतात. कंपनीतून आलेलं इंजिन ३०७ (हे आकडे घन इंचांतल्या आकारमानाचे), दोन बॅरलचा कार्ब, कागदावर २०० हॉर्सपॉवर. तेही जुन्या ग्रॉस पद्धतीचे, म्हणजे इंजिन बाहेर काढून, एअर फिल्टर, पंखा, खरा सायलेन्सर असलं काही न लावता मोजलेले. १९७२ पासून कंपन्या नेट आकडे द्यायला लागल्या आणि कागदावरची पॉवर एकदम पडल्यासारखी दिसायला लागली. मला रोज चालवता येईल, पंपावरच्या पेट्रोलवर चालेल आणि सिग्नल सुटल्यावर बाजूच्या सीटवर बसलेल्याने दाराची कड धरावी एवढं इंजिन हवं होतं.

त्याला सरळ उत्तर म्हणजे ३८३ स्ट्रोकर, म्हणजे स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) वाढवलेलं इंजिन. ३५० चा ब्लॉक घ्यायचा, ४ इंचाचा बोअर (सिलेंडरचा व्यास) तीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढवायचा आणि ३.७५ इंच स्ट्रोकची क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) टाकायची. पूर्वी लोक भंगारातून ४०० ची क्रँक आणायचे आणि तिचे मेन जर्नल (ब्लॉकच्या बेअरिंगमध्ये बसणारे गोल भाग) २.६५ वरून २.४५ इंचावर उतरवून घ्यायचे, आता तयार क्रँक मिळते. मी एका जुन्या पिकअपचा फोर-बोल्ट ब्लॉक (क्रँकच्या बेअरिंगच्या टोप्या चार-चार बोल्टांनी धरणारा) घेतला, मागच्या बाजूला ३९७००१० हा कास्टिंग नंबर. या नंबरात टू-बोल्टही निघतात, त्यामुळे विकणारा काहीही म्हणो, ऑइल पॅन काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. खरं म्हणजे साडेचारशे हॉर्सपॉवरपर्यंत टू-बोल्टसुद्धा चालतो, पण स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. मूळ ३०७ पुसून, तेल मारून कोपऱ्यात ठेवलंय. ते फेकू नका, उद्या गाडी विकायची झाली तर घेणारा पहिलं तेच विचारतो.

तर रांगेची गोष्ट.

शरद ऋतूत, म्हणजे पानं गळायला लागली की, इथले सगळे गाडीवेडे गाडी आत घेतात, कारण थोड्याच दिवसांत रस्त्यावर मीठ पडतं. आणि सगळे एकाच वेळी इंजिनं उतरवतात. वर ड्रॅग रेसिंगवाले, त्यांना वसंतात पहिल्या शर्यतीआधी इंजिन हवं असतं. वर बोटवाले! मिशिगनमध्ये तळी काय कमी आहेत, आणि कितीतरी बोटींत हेच ३५०, म्हणजे ५.७ लिटरचं शेव्हीचं (शेव्हरोलेचं) इंजिन असतं. रस्त्यावर फिरवायच्या गाडीचा मालक या सगळ्यांच्या मागे. हे कुणी तोंडावर सांगत नाही. तोंडावर सांगतात, "दोन आठवडे."

शॉपचं नाव घेत नाही. म्हातारा मालक, कामात वस्ताद असं सगळ्यांनी सांगितलेलं. ब्लॉक काउंटरवर ठेवला, त्याने एका सिलेंडरच्या वरच्या कडेवर नख फिरवलं, झालेली पायरी चाचपली आणि म्हणाला, "तीस निघेल." मापाचं यंत्र नाही, काही नाही. मी खूश. मग म्हणाला पिस्टन कुठेत, पिस्टन हातात आल्याशिवाय मी बोअर करत नाही. यात तो शंभर टक्के बरोबर, कारण हातातला पिस्टन मोजून त्याच्या मापाने होन (दगडाने घासून शेवटचं माप) करायचं असतं, डब्यावरच्या आकड्याने नाही. पिस्टन नेऊन दिले. "दोन आठवडे."

त्यानंतर फोन केला तर "नंबर लागलाय". पुढच्या वेळी फोन बाईंनी उचलला, त्या म्हणाल्या ते लंचला गेलेत. सकाळी साडेनऊला. मग एकदा स्वतः गेलो तर माझा ब्लॉक जिथे ठेवला होता तिथेच, वर माझ्या नावाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर कुणाचातरी कॉफीचा कप. गरम टँकमध्ये धुतलासुद्धा नव्हता. आत जाऊन विचारावं म्हटलं तर दारावर पाटी, ग्राहकांना आत प्रवेश नाही, इन्शुरन्सचं कारण.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं. बाबांची अख्खी नोकरी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर गेली. ते म्हणाले, "ठेवून घरी कशाला आलास? तिथं उभं राहून करून घ्यायचं की." आता यांना काय सांगू. उद्यमनगरात ब्लॉक मशीनवर चढला की मालक शेजारी स्टूल टाकून बसतो, चहा येतो, बोअर होईपर्यंत अर्ध्या गावाच्या गप्पा होतात आणि संध्याकाळी रिक्षात ब्लॉक घालून माणूस घरी. इथे मला मशीन लांबून बघायचीही परवानगी नाही. "मग सकाळी सकाळी जाऊन बस, तोंड दाखवत राहा," बाबा म्हणाले. आणि सांगतो, शेवटी तेच लागू पडलं. फोन बंद केले आणि ऑफिसला जाताना वाटेत थांबायला लागलो, हातात डोनटचा डबा. कंटाळून का होईना, ब्लॉक हलला.

हलला म्हणजे लगेच झाला असं नाही. धुऊन, मॅग्नाफ्लक्स करून तडा नाही हे कळलं, बरं वाटलं. मग टॉर्क प्लेट. हेडचे बोल्ट आवळले की सिलेंडरचा गोल किंचित बिघडतो, म्हणून होन करताना हेडच्या जागी एक जाड प्लेट तेवढ्याच ताकदीने आवळतात, म्हणजे चालू इंजिनात बोअर गोल राहतो. शॉप निवडताना हा प्रश्न विचाराच, "टॉर्क प्लेट लावता का?" आणि ज्याने खांदे उडवले त्याच्याकडून निघून या. आमच्या वस्तादाकडे प्लेट होती पण ती कुणालातरी वापरायला दिलेली. ती परत येईपर्यंत थांबा. मग थंडीत माणूस आजारी. मग मशीनचा कुठलासा बेल्ट.

आणि मग कळलं की बॅलन्सिंग तिथे होतच नाही! क्रँक, रॉड, पिस्टन, रिंगा यांची वजनं घेऊन क्रँकच्या काउंटरवेटमध्ये भोकं पाडून वजन कमी करतात, किंवा कमी पडत असेल तर टंगस्टनचा तुकडा ठोकून वाढवतात, हे काम दुसऱ्या शॉपमध्ये जातं, तिथे त्यांची वेगळी रांग. पावतीवर बॅलन्सिंगचे पैसे पहिल्या दिवसापासून लिहिलेले, बाहेर जातं हे मात्र कुठेच नाही. त्या दिवशी मी गाडीत बसून मराठीत जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा, कुठलं काम इथे होतं आणि कुठलं बाहेर जातं.

या सगळ्यात वुडवर्ड गेली. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू म्हणजे डेट्रॉइटहून पाँटिअ‍ॅकला जाणारा रस्ता, साठच्या दशकात पोरं सिग्नल टू सिग्नल पळवायची तो. १९९५ पासून तिथे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्राच, भरते. त्या वर्षी मी तिथे फूटपाथवर घडीची खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या गाड्या बघितल्या. बायको म्हणाली, "अरे, तुझा कुठे आहे तो इंजिनाचा डॉक्टर?" मी म्हटलं लंचला गेलाय.

ब्लॉक घरी आला एकदाचा. राग डोक्यात होता म्हणून डायल बोअर गेज घेऊन चुका शोधायलाच बसलो. प्रत्येक सिलेंडर वर, मध्ये, खाली, आडवा, उभा. आठांपैकी एकाचीही सुई अर्धा थाऊसुद्धा हलली नाही. क्रॉसहॅचच्या (होनिंगच्या एकमेकींना छेदणाऱ्या) रेघा सुंदर. शिव्या गिळल्या. मापं घेताना ब्लॉक, गेज, मायक्रोमीटर सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवा, गारठलेल्या गॅरेजमधलं लोखंड आणि खिशातलं मायक्रोमीटर यांचं जमत नाही.

पण त्याने खाचा घेतल्या नव्हत्या. स्ट्रोक वाढला की कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला, पॅन रेलजवळ घासतात, तिथे थोडं लोखंड काढावं लागतं. मी कागदावर लिहून दिलेलं, कार्बन कॉपी माझ्याकडे होती. फोन केला तर म्हणे आणून द्या, करून देतो फुकट, दोन आठवडे. नमस्कार म्हटलं! डाय ग्राइंडर घेतला, क्रँक आणि एक पिस्टन नुसता बसवून हाताने फिरवली, जिथे अडलं तिथे मार्करने खूण, पुन्हा घासलं, साठ थाऊची फट मिळेपर्यंत. कॅमच्या लोबलाही (उंचवट्यालाही) रॉड लागतो का तेही असंच बघा, तिथे पन्नास थाऊ तरी हवेत, नाहीतर त्यासाठी छोट्या बेस सर्कलचा (मधला गोल लहान असलेला) कॅम मिळतो.

घासलं की पुन्हा धुणं आलं. गरम पाणी, भांड्यांचा साबण, तेलाच्या प्रत्येक वाटेत लांब ब्रश. वाळवायला उशीर केला तर डोळ्यांदेखत गंज चढतो, म्हणून लगेच हवा मारून तेल. मग बोअर पुसायला पांढरं फडकं तेलात बुडवून. पहिलं फडकं राखेच्या रंगाचं निघालं, दुसरं तसंच, आणि आपल्याला वाटतं झालं स्वच्छ. फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही, कारण तो करडा रंग म्हणजे होनिंगच्या दगडाची पूड, तीच पुढे रिंगा खाते. बायकोच्या किती जुन्या ओढण्या गेल्या त्याचा हिशोब तिच्याकडे आहे.

बांधणी त्यामानाने कंटाळा येईल इतकी सरळ झाली. मेन बेअरिंगला अडीच थाऊ फट, रिंगांच्या तोंडाला बोअरच्या दर इंचामागे चार थाऊ म्हणजे साधारण सोळा, बोल्ट क्रमाने. हेड अ‍ॅल्युमिनियमची, ६४ सीसी चेंबर. इथे बरेच लोक फ्लॅट टॉप पिस्टन घेतात आणि कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) अकराच्या वर जातं, मग पंपावरच्या पेट्रोलवर चढाला नॉकिंग (पेट्रोल आपोआप भडकून होणारी खडखड). मी १२ सीसी डिशवाले (वरून खोलगट) घेतले, सव्वादहा येतं, ९३ ऑक्टेनवर मजेत चालतं. पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट बाजूच्या) बरोबरीला आणि गॅस्केट चाळीस थाऊ, ही फट वाढवून कॉम्प्रेशन कमी करायच्या फंदात पडू नका, त्याने नॉकिंग कमी नाही, उलट वाढतं.

कॅम हायड्रॉलिक रोलर, म्हणजे लोबवर छोटी चाकं फिरतात तो. जुना फ्लॅट टॅपेट (लोबवर चपटा तळ घासत चालतो तो) स्वस्त आहे खरा, पण त्याला पहिली वीस मिनिटं २००० च्या वर आरपीएमवर पळवत ठेवावं लागतं आणि आजकालच्या तेलात झिंक कमी, लोब झिजला तर त्याचा चुरा सगळ्या इंजिनभर. इतकी रांग सोसून तो जुगार मी खेळणार नव्हतो. जुन्या ब्लॉकमध्ये रोलर टाकताना कॅम पुढेमागे सरकू नये म्हणून पुढे बटण लागतं, ते विसरू नका.

पहिल्यांदा चालू करायच्या आधी ड्रिलने तेलाचा पंप फिरवून दाब आणायचा, आणि त्यासाठी खरं प्रायमिंग टूल घ्या. नुसता लांब स्क्रूड्रायव्हर लावला तर पंप फिरतो पण डिस्ट्रिब्युटरच्या जागेतून तेल गळतं आणि एका बाजूच्या रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांपर्यंत) पोचतच नाही. सगळ्या सोळा रॉकरवर तेल दिसलं, मग चावी. दोन वेळा खोकलं आणि लागलं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली ती धूर बघून, हेडर्सचा (एक्झॉस्टच्या नळ्यांचा) रंग जळत होता फक्त.

डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) ४३० हॉर्सपॉवर आणि ४६० पाउंड-फूट टॉर्क. तेही उघड्या इंजिनावरच मोजलेले, त्यामुळे जुन्या २०० शी तुलना करायला मोकळा आहे आणि मी ती सारखी करतो. हायवेवर मागच्या चाकांचा ३.७३ चा गिअर आणि तीन स्पीडचा ऑटोमॅटिक, ६५ मैलांना तीन हजारांच्या वर फिरतं, कान दुखतात. ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाचे फेरे कमी करणारा गिअर) घालायचाय, पण त्याचं काम मी स्वतः करणार, कुणाच्या काउंटरवर ठेवणार नाही.

अजून एक राहिलंच. रोलर कॅम स्टीलचा असेल तर डिस्ट्रिब्युटरचा साधा लोखंडी गिअर चालत नाही, कॅम त्याला खाऊन टाकतो. कॅमवाल्यांना फोन करून कुठला गिअर लागतो ते विचारा, ते पहिल्या रिंगला फोन उचलतात.