शिरोरेषेतले नको ते कट: ‘सावली’ची पाटी कुठवर आली

मावशीच्या सहकारनगरच्या घरासाठी ‘सावली’ अशी पाटी लेझर कटरवर कापून करतोय. ३ मिमी काळं अॅक्रिलिक, अख्खा शब्द एका तुकड्यात, मागे फळी. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) मुद्दाम टाळलं, दाराबाहेर पावसात ते फुगतं. देवनागरीत शिरोरेषा शब्दाला धरून ठेवते, त्यामुळे सुटी अक्षरं ओळीत बसवत चिकटवावी लागत नाहीत. मात्र नको ते कट येतात तेही नेमके याच रेषेत.

अॅक्रिलिक महाग, म्हणून आधी पुठ्ठा कापून पाहिला. अक्षरं सुटी झाली आणि प्रत्येक जोडापाशी एक बारीक चौकोनी कपची मशीनच्या जाळीतून खाली गेली. स्क्रीनवर तर शब्द अखंड दिसत होता! कारण असं, की छपाईत फट दिसू नये म्हणून बऱ्याच फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा किंचित एकमेकींवर चढवलेल्या असतात. काळ्यावर काळं, डोळ्यांना कळत नाही. लेझर मात्र कडेकडेने कापत जातो. ‘स’च्या रेषेची उजवी कड कान्याच्या पोटात असते, कान्याची डावी कड ‘स’च्या पोटात. दोन्ही कापल्या गेल्या की मधला भाग गळणारच.

इंकस्केपमध्ये (मी वापरतो ते ड्रॉइंग सॉफ्टवेअर) डिस्प्ले मोड ‘आउटलाइन’वर न्या. रंग जातो, नुसत्या कडा उरतात आणि जोडांमधल्या उभ्या रेघा लगेच दिसतात. कुठलीही फाइल कापायला देण्याआधी मी आता हे बघतोच.

उपाय सोपा आहे. मजकुरावर ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ (अक्षरांच्या आकृत्या होतात), मग ग्रुप सोडवायचा, सगळी अक्षरं निवडायची आणि ‘युनियन’, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच आकृती होते. ‘कंबाइन’ नव्हे, त्यात आतल्या कडा तशाच राहतात. लाइटबर्न या लेझर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्येच टाइप करत असाल तर तिथे ‘वेल्ड’ आहे. ‘डिलीट डुप्लिकेट्स’चा इथे उपयोग नाही, ते तंतोतंत एकसारख्या आकृत्याच काढतं आणि आपल्या आकृत्या अर्धवट एकमेकींवर आहेत. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये तर एकेक अक्षर अर्धं अक्षर अधिक काना असं जुळवलेलं असतं, म्हणजे जोड आणखी वाढले. व्हेरिएबल फाँटमध्ये (ज्यात अक्षरांची जाडी वगैरे हवी तशी बदलता येते) एकाच अक्षराच्या आतही आकार एकमेकांवर असू शकतात. दोन्हींवर औषध तेच.

पाटीभोवतीच्या वेलीचा त्रास वेगळा निघाला. चित्र ट्रेस केल्यामुळे, म्हणजे सॉफ्टवेअरकडून त्याच्या रेघा काढून घेतल्यामुळे, प्रत्येक रेघेला दोन कडा आल्या, म्हणजे एका रेघेच्या जागी दोन कट. इंकस्केप १.० पासून सेंटरलाइन ट्रेसिंग आहे, त्यात रेघेच्या मधोमध एकच रेघ येते, तेच वापरलं. कोपऱ्यात वेल क्लिप करून छाटली होती. क्लिप फक्त झाकते, मूळ रेघ फाइलमध्ये तशीच असते, आणि लेझरची बरीच सॉफ्टवेअर क्लिप जुमानत नाहीत. झाकलेला भाग खरोखर कापून काढला.

युनियननंतरचा पुठ्ठा सलग निघाला. ‘व’च्या पोटातला तुकडा आधी आणि बाहेरची कड शेवटी, असा क्रम लावलाय, नाहीतर सुटलेला शब्द हलतो आणि आतला कट सरकतो.

यानंतर ‘वैभव’ नावाची पाटी आहे. अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर शिरोरेषा एकमेकींना टेकत नाहीत, तेव्हा युनियन करूनही तुकडे वेगळेच राहतात. मग शिरोरेषेच्या जाडीची एक पट्टी शब्दभर टाकून तीही युनियनमध्ये घ्यायची, ही युक्ती छान चालते. पण ‘भ’, ‘ध’, ‘थ’ यांच्या डोक्यावर रेषा तुटलेली असते. पट्टी सरसकट टाकली तर ‘वैभव’चं ‘वैमव’ होईल आणि ‘ध’चा ‘घ’. म्हणून तिथे पट्टी ‘भ’पाशी तोडणार, शब्द दोन तुकड्यांत कापणार आणि फळीवर आधी बाह्यरेषा हलकीशी कोरून घेणार, म्हणजे तुकडे चिकटवताना अंतर चुकणार नाही.