मोडलेलं हाड, सुट्या पेशी

आज दिवसभर उंदराच्या मांडीचं हाड! ते जुळताना कोणती जनुकं चालू असतात, हे एकेका पेशीत वेगळं वाचायचं, म्हणजे सिंगल-सेल सिक्वेन्सिंग. मोडलेल्या जागी आधी कूर्चेची मऊ गाठ धरते, तिला कॅलस म्हणतात. ती बारीक चिरायची, पेशींभोवतीचं कोलॅजेन तोडणाऱ्या कोलॅजिनेज या विकरात ३७ अंशांवर ठेवायची, गाळायची आणि पेशी मरायच्या आत, एकेकीला वेगळ्या थेंबात अडकवणाऱ्या चिपवर चढवायच्या. खरी कसरत इथेच. जनुकांचे संदेश वाचणारा सिक्वेन्सर नंतर आपला आपण चालतो.

संध्याकाळी आधीच्या नमुन्याचा आलेख (एक ठिपका म्हणजे एक पेशी, सारख्या पेशी शेजारी शेजारी) उघडला आणि घरी जायचं राहूनच गेलं. कूर्चापेशींच्या ठिपक्यांतून एक शेपूट थेट हाड बांधणाऱ्या पेशींकडे निघालेलं. मधल्या पेशींत कूर्चेचं कोलॅजेन १० आणि हाडाचं कोलॅजेन १, दोन्हींची जनुकं चालू! कूर्चापेशी मरतात नि मग हाड येतं, असं आम्ही घोकलेलं. सगळ्या पेशी एकत्र वाटून तपासल्या तर नुसती सरासरी हाती लागते, हे दिसलंच नसतं.

अर्थात एका थेंबात दोन पेशी अडकल्या तरी असाच खिचडी निकाल येतो. म्हणून संशयित जोड्या गाळून परत पाहिलं. शेपूट जागेवरच!