तरी चालेल

शुक्रवार, रात्रीचे पावणेबारा

तिरामिसू फ्रीजमध्ये आहे. ओटा दोनदा पुसून झाला. झोपेचा पत्ता नाही.

गोष्ट एवढीशी आहे की लिहितानाही लाज वाटतेय. रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर सी-विंगनं (म्हणजे सी-विंगमधल्या बाईनं) उद्याच्या पॉटलकची यादी टाकली. थीम इटालियन. (तीच ठरवते. आपण अंगठा दाखवायचा.) पास्ता दोघींकडे, गार्लिक ब्रेड, सूप, सॅलड, आणि ते ब्रुस्केत्ता, ज्याला ती ब्रुशेटा म्हणते. मी माझं नाव शोधत खाली खाली आले तर शेवटी: 'डेझर्ट तू घे गं. विकतचं आणलंस तरी चालेल.' पुढे हसरा चेहरा.

बाकी अकराजणींच्या नावापुढे नुसता पदार्थ. सवलत फक्त मला.

तेव्हापासून तो 'तरी' डोक्यात घोळतोय. 'विकतचं आण' म्हणाली असती तर हुकूम झाला असता, भांडता आलं असतं. 'विकतचं आणलंस तर चालेल' ही नुसती परवानगी, न मागता दिलेली, पण ठीक. 'तरी'चं तसं नाही. 'तरी'त असं आहे की खरं म्हणजे घरचं हवं, ते तुझ्या हातून व्हायचं नाही हे मला ठाऊक आहे, आणि बघ, माझं मन किती मोठं. मिसळीवर असते ना, तशीच ही तरी त्या वाक्यावर तरंगत होती, आणि झोंबली ती नेमकी तीच.

याला दाखवलं तर हा म्हणाला, "अगं चांगलंच आहे की, आणू कुठून तरी." याचं असंच.

सोमवारी वही घेऊन बसले. ठरवलं होतं, असं काही करायचं की बास.

कॅनोली पहिल्यांदा खोडली. सिसिलीचा पदार्थ. पातळ पारी नळीवर गुंडाळून तळतात आणि आत मेंढीच्या दुधाचा गोड रिकोटा भरतात. पारीच्या पिठात मर्साला नावाची वाईन. चिरोट्याच्या पिठात वाईन, तीही श्रावणात! ती वगळली तरी भरायचं ऐन वेळी, नाहीतर पारी मऊ पडते, आणि या हवेत तर सकाळी काढलेली चकलीसुद्धा संध्याकाळी वातड होते. सगळ्याजणी पास्ता वाढून घेताहेत आणि मी क्लबहाउसच्या कोपऱ्यात नळ्या भरत उभी, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि काट मारली.

काप्री बेटावरचा तोर्ता काप्रेसे, बदाम आणि चॉकलेटचा. मैदा चिमूटभरही नाही, पण सगळा डोलारा अंड्यांवर. माई अंडं कधीच खात नाहीत आणि श्रावणात निम्मी सोसायटी माई होते. काट.

मग एक सापडलं त्याचं मात्र हसू आलं. पिडमाँटमध्ये दुधात रवा शिजवतात, साखर घालतात, लिंबाची साल किसून घालतात, थापून गार करतात आणि शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडून तळतात. सेमोलिनो दोल्चे. म्हणजे तिकडची बाईही शिरा थापून वड्याच पाडते! (तिकडे त्या तळलेल्या मांसाच्या तुकड्यांशेजारी एकाच ताटात येतात, हे माईंना सांगितलं नाही.) करायला सगळ्यांत सोपं, अंड्याचं वरचं आवरण टाळता येईल असं. पण सी-विंगसमोर रव्याच्या वड्या ठेवून 'या इटालियन आहेत' म्हणायची छाती होईना. ती काही बोलणार नाही. नुसती हसेल, आणि मनात म्हणेल, सांगितलं होतं ना, विकतचं आणलंस तरी...

बघा. परत तेच.

मंगळवारी पन्ना कोत्ता करून पाहिलं. शब्दाचा अर्थ शिजवलेली साय, इतकं साधं. अडचण जिलेटिनची, ते जनावरांच्या हाडा-कातड्याचं. म्हणून चायना ग्रास आणलं, ते समुद्रातल्या शेवाळाचं. पाण्यात चांगलं उकळून विरघळवलं आणि त्यात फ्रीजमधलं गार क्रीम ओतलं. ओतताक्षणी गोळे. जिलेटिनला धरायला फ्रीज लागतो. चायना ग्रासला एवढा धीर नाही, चाळीस अंशांच्या आसपासच ते घट्ट व्हायला लागतं. गार क्रीम पडलं तिथं जागच्या जागी दगड झालं. गाळणीतून गाळताना रडायचीच बाकी होते. दुसऱ्यांदा क्रीम कोमट करून घेतलं तेव्हा सुरेख धरलं, काचेसारखे काठ. चिरंजीवांनी चमचा घातला आणि म्हणाले, "आई, खरवस कुणी दिला?"

खोटं नाही ते. चीक न मिळालेल्या खरवसात चायना ग्रासच असतं.

उरलं तिरामिसू. मला ते नकोच होतं. सगळ्यांनी कुठे ना कुठे खाल्लेलं, प्रत्येकीकडे मापायला पट्टी तयार. पण रात्री उशिरापर्यंत त्याच्याबद्दल वाचत बसले आणि त्यातच अडकले. त्रेविझो गावातलं 'ले बेक्केरीए' हे रेस्तराँ सांगतं की १९७०च्या सुमारास ते आमच्याकडे झालं. शेजारचा फ्रिउली म्हणतो आमच्याकडे त्याच्याही आधीपासून होतं, आणि २०१७ मध्ये त्या प्रांताच्या पारंपरिक पदार्थांच्या यादीत ते चढलंसुद्धा. त्रेविझोवाले चिडले. त्याआधी २०१० मध्ये इटलीच्या पाककला अकादमीनं त्याची कृती चक्क नोटरीसमोर नोंदवून ठेवली होती. बलक, साखर, मस्कारपोने (क्रीमचं मऊ चीज), साव्होयार्दी बिस्किटं, कॉफी, वर कोको. वाईन-बिईन काही नाही, ती मागून घुसली. मिसळीवरून कोल्हापूर, पुणे आणि नाशिक कितीही भांडोत, नोटरीपर्यंत अजून कुणी गेलेलं नाही.

आणि नाव. तिरा मि सु. मला वर ओढ.

एवढं वाचलं आणि डोळे भरून आले. रात्री साडेबाराला, एका पुडिंगच्या नावावर. मार्चपासून असं कशानेही होतं. घरात सगळे आहेत, सगळे विचारतात, पण वर ओढ असं म्हणायला कुणी... जाऊ दे. तो विषय आज नाही.

तर तिरामिसू. पण अंडं वजा. म्हणजे बलक गेले. साव्होयार्दीत अंडी असतात, म्हणजे बिस्किटंही गेली. उरलं काय? साखर, मस्कारपोने, कॉफी आणि कोको. नोटरीनं पाहिलं तर नोटीस येईल.

बिस्किटांऐवजी टोस्ट घ्यायचे ठरवले. आपले बेकरीतले, चहाबरोबरचे. वेलदोड्याचा वास नसलेले मिळायला तीन बेकऱ्या पालथ्या घातल्या, भर पावसात, एका हातात छत्री. तिसऱ्या बेकरीतल्या काकांनी विचारलं, "कशाला हवेत साधे?" मी म्हटलं, "इटालियन करायचंय." ते म्हणाले, "मग खारी घ्या."

मस्कारपोने घरीच. डब्याची किंमत पाहिली आणि डबा परत ठेवला. लिटरभर क्रीम जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर, पंच्याऐंशी अंशांच्या आसपास, मग थोडा थोडा लिंबाचा रस. मी पनीरसारखं फाटेल म्हणून जीव मुठीत धरून उभी होते. फाटत नाही. नुसतं जड होतं, पळीच्या पाठीवर बोट फिरवलं तर रेघ राहते. मग गार करून, फडक्यात बांधून, चाळणीवर ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये. फडकं चक्क्याचंच. माईंनी सकाळी फ्रीज उघडला आणि म्हणाल्या, "श्रीखंड करतेयस होय?" मी हो म्हटलं. मस्कारपोने जिथलं, त्या लोंबार्डीपासून सुरुवात करायची माझ्यात ताकद नव्हती.

आज संध्याकाळी जिवतीची पूजा, पुरण, चिरंजीवांना ओवाळणं (आता तो ओवाळून घेताना फोन खिशात ठेवतो, हीच मोठी मेहेरबानी). ते आवरून त्याच ओट्यावर मांडामांड. फेटलेल्या क्रीममध्ये मस्कारपोने हलक्या हातानं मिसळायचं, जोर केला की लोणी सुटतं. केकवालं क्रीम आधीच गोड असतं म्हणून साखर निम्मी. कॉफी कडक करून पूर्ण गार केलेली. टोस्ट त्यात बुडवायचा आणि लगेच काढायचा. साव्होयार्दी हलकी, 'एक' म्हणेपर्यंत पितात. टोस्टला जरा वेळ लागतो, पण फार थांबलं तर हातात अर्धाच येतो.

अण्णा चहात टोस्ट बुडवून तीन मोजायचे. कपावर वाकून, ओठ हलवत, एक, दोन, तीन, आणि कधी चुकलं तर चमच्यानं तळातला गाळ काढून तोही खायचे. दादरच्या त्या खिडकीत. मी आज नकळत तीनच मोजत होते.

तर ट्रे झाला. दोन थर टोस्ट, दोन थर क्रीम. कोको उद्या, निघायच्या आधी. आताच चाळला तर सकाळपर्यंत ओला होऊन काळा पडेल.

आणि मग हात रिकामे झाल्यावर पुन्हा फोन काढला. सी-विंगनं मला असं याआधी कधी लिहिलंय का ते शोधायचं होतं. पुरावा हवा होता. जावेला सांगताना पुरावा लागतो. ग्रुपमध्ये 'विकतचं' हा शब्द शोधला.

सापडलं. सप्टेंबर, गणपतीनंतरचं पॉटलक: 'उशीर होणार, विकतचं आणलं तर चालेल ना?' डिसेंबर: 'सॉरी गं, महिनाअखेर आहे, विकतचंच आणते.' फेब्रुवारी: 'विकतचं चालेल का???' तीन प्रश्नचिन्हं.

तिन्ही वेळा लिहिणारी मी.

फोन उपडा ठेवला. परत उचलला. डिसेंबरला सी-विंगनं उत्तरात लिहिलं होतं, 'तू ये फक्त, दमून येतेस.' हे मी तेव्हा वाचलंही नसणार. वाचलं असतं तर विसरले नसते, माझी स्मरणशक्ती अशा बाबतीत बरी आहे, पण ती अपमानांसाठी राखून ठेवलेली असते.

म्हणजे तिनं माझंच वाक्य मला परत दिलं. मी विचारायच्या आधी. वाईट काय केलं?

मग राग कशाचा आहे, ते मी चहा करून विचार करत बसले. आणि मला वाटतं ते असं आहे. ती सवलत दमून येणाऱ्या बाईला होती. रात्री आठला लॅपटॉपची बॅग खांद्यावर घेऊन लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बाईला. मार्चनंतर काय झालं हे सोसायटीत कुणाला ठाऊकच नाही, कारण मी सांगितलेलं नाही. लिफ्टमध्ये भेटले की 'आज वर्क फ्रॉम होम' म्हणते. पाच महिने वर्क फ्रॉम होम. म्हणजे ती त्या जुन्या बाईशी प्रेमानं बोलली आणि इथं ही नवीनच बाई चार दिवस पातेली घासत चिडून बसली. दोघींची गाठ कुणी घालून दिली नाही.

हे लक्षात आल्यावर राग जायला हवा होता. गेला नाही. थोडा हलला. 'तरी' अजून बोचतोच. निदान आज रात्रीपुरता बोचू दे, चार दिवसांची मेहनत आहे त्यामागे.

आणि आता नवीनच घोळ. उद्या ट्रे ठेवला की सगळ्या विचारणार, घरी केलंस? मस्कारपोनेसुद्धा? फडक्यात बांधून? आणि मग सी-विंग विचारणार, अगदी सहज, "वेळ कसा काढलास गं एवढा?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणजे आहे, पण अकरा बायकांसमोर, हातात कागदी प्लेट घेऊन द्यायचं ते नाही.

हा दात घासता घासता म्हणाला, "मग सांग विकतचं आहे म्हणून. तिनं चालेल म्हटलंय ना."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं तोंडातला फेस सांभाळत खांदे उडवले. आणि मला जे हसू आलं ते थांबेचना, माई खोलीतून म्हणाल्या, काय झालं गं. लिटरभर क्रीम, तीन बेकऱ्या, नोटरी, जिवतीच्या दिवशी कॉफीचा वास येणारं घर, आणि शेवटी सांगायचं काय, तर कोपऱ्यावरून आणलंय.

पण खरं सांगू, मी उठले. माळ्यावर चिरंजीवांच्या वाढदिवसाच्या केकचा खोका होता, पांढरा, बेकरीच्या नावाचा, घडी घालून ठेवलेला. काढला, झटकला, घडी मोडली, कडा चेपल्या. ट्रे फ्रीजमधून काढून आत घालून पाहिला.

ट्रे तीन बोटं मोठा आहे.