बोट उचललं आणि शॉक गेलाच नाही

"बटण दाबलं की मी! शॉक का गेला नाही?"

आज दुपारी, सोलापुरातलं एक आयसीयू. पेशंटला एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित; ठोके ताळ्यावर आणायला छातीवर विजेचा शॉक द्यायचा होता (कार्डिओव्हर्जन). झोपेचं इंजेक्शन दिलेलं, आणि नवी सिस्टर गोंधळलेली.

मशीन ठीकच होतं. सिंक मोडमध्ये, म्हणजे शॉक ठोक्याशी जुळवून देताना, ते पुढच्या आर वेव्हची (ईसीजीवरच्या ठोक्याच्या उंच टोकाची) वाट बघतं, म्हणून शॉक क्षणभर उशिरा सुटतो. तोवर बटण दाबूनच धरायचं. तिनं बोट लगेच उचललं, एवढंच.

खरी गडबड दुसऱ्या शॉकला होते. बऱ्याच मशीनवर पहिल्या शॉकनंतर सिंक आपोआप बंद पडतं. सिंकचं बटण परत दाबा, आणि प्रत्येक आर वेव्हवर बारीक खूण उमटतेय का ते डोळ्यांनी बघा. खूण टी वेव्हवर (त्यानंतरच्या लहान उंचवट्यावर) दिसली तर लीड, म्हणजे मॉनिटरवरचा ईसीजीचा कोन, बदला. शॉक टी वेव्हवर बसला तर व्हीएफ, म्हणजे हृदयाची नुसती जीवघेणी थरथर, होऊ शकतं. मग सिंक बंद करून डीफिब्रिलेशनच, म्हणजे ठोक्याची वाट न बघता लगेच शॉक.

आपल्याकडचा उन्हाळा तर विचारू नका. घामेजलेल्या छातीवर पॅड कडेनं सुटतं आणि कातडी भाजते. आधी नीट कोरडं पुसा. ऑक्सिजनचा मास्क बाजूला, बेडला कुणाचा हात नको. बाकी 6 तास उपाशी, रक्तातलं पोटॅशियम बघणं, कवळी काढणं हे सगळं चेकलिस्टवर असतंच.

पण शॉकच्या आधी नातेवाईक सहज बोलून गेले, "मध्ये लग्न होतं, चार दिवस गोळी राहिली." रक्त पातळ करणारी गोळी! ती आधी किमान 3 आठवडे न चुकता हवी, नाहीतर गुठळी मेंदूत जायची भीती. डॉक्टरांनी अन्ननलिकेतून इको (हृदयाची सोनोग्राफी) करून गुठळी नाही हे बघितलं, मगच शॉक.

तुमच्या वॉर्डात "एकही गोळी चुकली का?" हे कोण विचारतं?