जरा उडवा ना, दादा!

भिगवण म्हणजे फ्लेमिंगो, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी पहाटे चारला आईला उठवून गाडीत घातलं. आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, "पक्षी आहेत ना?" पलीकडून उत्तर आलं, "भरपूर. या तुम्ही." कुठले पक्षी, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

सोलापूर हायवेवर अर्धा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांमागे सरपटण्यात गेला. दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही. त्याबद्दल आणखी लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि होडीवाले दादा होडीतलं पाणी डब्याने उपसत होते. मी पहिलाच प्रश्न फ्लेमिंगोंचा टाकला.

"आत्ताच कुठले, ताई? आवंदा पाऊस लांबला, धरण तुडुंब हाय. चिखल उघडा पडल्याबिगर ते उतरत न्हाईत."

खरं तर हे मला ठाऊक असायला हवं होतं. फ्लेमिंगो चोच उलटी करून उथळ पाण्यातला चिखल गाळून खातो. भिगवणजवळचं हे उजनी धरण भरलेलं असेल तर त्याला पाय टेकायलाही जागा नाही. पाणी ओसरायला लागलं, काठ उघडे पडले, की त्यांचं जेवणाचं ताट मांडलं जातं. त्यात ११७ टीएमसीचं हे धरण, त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात. सोलापूरकर आख्खा उन्हाळा 'उजनी प्लस की मायनस', म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या वर की खाली, यावर काढतात आणि मी भरल्या धरणावर तोंड वाकडं करून उभी.

आई म्हणाली, "फ्लेमिंगो नाहीत तर नाहीत. पाणी तर आहे ना? बसू या."

बसलो. सुरुवातीचा अर्धा तास मी फुगलेलीच होते, त्यामुळे शेकाटे, राखी बगळे, एक कवड्या खंड्या हे सगळे नुसते बघून टाकले. आईचं मात्र चौकशीसत्र सुरू झालं होतं. दादांचं गाव कुठलं, तर "जुनं गाव ह्याच पाण्याखाली, मावशी. माझा जन्म नव्या गावठाणातला." धरण १९८० चं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं, ते बघायला हे लोक अजून जातात.

मग जलपर्णीच्या कडेने काळ्या पक्ष्यांचा एक घोळका निघाला. कोळशासारखे काळे आणि कपाळावर पांढराशुभ्र ठिपका.

"अगं, यांनी गोपीचंदन लावलंय बघ," आई म्हणाली.

"त्यास्नी वारकरीच म्हणत्यात, मावशी."

आई पंढरपूरची माहेरवाशीण. तिने एकदा त्या पक्ष्यांकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. "म्हणजे ही भीमा. म्हणजे आपली चंद्रभागाच की गं!" असं म्हणून तिने ओंजळ बुडवली आणि डोळ्यांना पाणी लावलं. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून कुठे येतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

पुढच्या वळणावर गवताळ काठावर पट्टकादंब बसलेले दिसले. चाळीसेक तरी असतील. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, पिवळी चोच, आणि चाल अशी की घरचंच अंगण. हे पक्षी तिबेट, मंगोलिया, लडाखच्या तळ्यांवर अंडी घालतात आणि हिमालय ओलांडून इकडे थंडी काढायला येतात. त्यांच्या पाठीवर यंत्रं लावून मोजलंय, सात हजार मीटरहून उंच जातात. दादांनी वल्हं थांबवलं. होडी आपोआप तरंगत राहिली. आईसुद्धा गप्प झाली, यावरून काय ते समजा.

तेवढ्यात दुसरी होडी आली. तिघेजण, नखशिखांत लष्करी रंगाचे कपडे, तोफेएवढ्या लेन्स. त्यातल्या एकाने आपल्या होडीवाल्याला हाक दिली, "जरा उडवा ना, दादा! फ्लाइट शॉट पाहिजे." होडीवाला थोडा घुटमळला, मग त्याने वल्हं पाण्यावर आपटलं. दुसऱ्याने टाळ्या वाजवल्या. आख्खा थवा कलकलाट करत उठला, आमच्या डोक्यावरून एक फेरी मारली आणि लांब, नजरेला नुसते ठिपके दिसतील अशा काठावर जाऊन बसला. खटाखट खटाखट क्लिक. तीस सेकंदांत सगळा कार्यक्रम आटोपला.

मी संतापून काहीतरी बोलणारच होते. हिमालय ओलांडून आलेत ते, तुमच्या इन्स्टाग्रामसाठी नाही, असलं काहीतरी. तेवढ्यात आईने विचारलं, "आपल्या हॉलमधल्या फोटोतले ते लाल पंखांचे, तेही असेच उडवलेले का गं?"

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी. माझा फोटो. उडालेले फ्लेमिंगो, पंखांखालचा तो लालभडक रंग, ज्यावरून त्यांना अग्निपंख म्हणतात. पाण्यात उभे असताना तो रंग फारसा दिसत नाही, म्हणून मीच म्हटलं होतं, अगदी याच शब्दांत. वर त्या होडीवाल्याला शंभर रुपये जास्तीचे दिले होते.

"नाही गं, ते आपोआप उडाले."

दादा इतका वेळ पाण्याकडे बघत होते. ते आईला म्हणाले, "आपोआप कशाला उडतंय, मावशी? चरत असलेलं पाखरू बसूनच राहतंय."

आई काही बोलली नाही. मीही नाही.

परतताना कुरवांचा, म्हणजे सीगलांचा, थवा होडीमागे लागला. शेजारच्या होडीतून लोक मूठमूठ शेव उधळत होते आणि कुरव हवेतच झेलत होते. दिसायला छान दिसतं, खोटं कशाला बोलू. माझ्या बॅगेतही पाव किलोचं पाकीट होतं, खास त्यासाठीच घेतलेलं. बॅगेची चेन मी बंदच ठेवली.

दुपारी चिलापी फ्राय खाल्ली. मासा ताजा, रस्सा झणझणीत, भाकरी मात्र गार. आईचा शनिवार, तिने पिठलं खाल्लं.

पाटसच्या पुढे आईला बॅगेत रुमाल शोधताना ते पाकीट सापडलं. "ही एवढी शेव कुणासाठी आणलीस?"

"प्रवासात खायला."

यवत येईपर्यंत आम्ही दोघींनी ती संपवली.