खरंच फायनल

परवा दुपारी बाबांचा एक फोटो हवा होता. मोठा प्रिंट काढायचा, म्हणून मूळ फाइल शोधायला बसले, तर अकरा बाबा निघाले.

'बाबा_उजळ', 'बाबा_क्रॉप', 'बाबा_फायनल', 'बाबा_फायनल२', 'बाबा_खरंच_फायनल' आणि एक नुसताच 'बाबा_हा'. हा म्हणजे कुठला, ते नाव देताना मला पक्कं ठाऊक असणार. तारखेवरून लावू म्हटलं, तर फोटो काढल्याची तारीख अकरांच्याही पोटात एकच.

बाबांकडे हा घोळ नव्हता. ३६ फोटोंचा रोल धुऊन आला की निगेटिव्हच्या पट्ट्या बटर पेपरच्या पाकिटात जायच्या, पाकिटावर पेन्सिलीने महिना आणि वर्ष. मी पट्टी खिडकीशी धरून बघत बसायचे. पांढऱ्या केसांची, काळ्या तोंडाची माणसं, त्यातलीच एक आई. "कडेनं धर, बोटं उमटतील," एवढंच बाबा म्हणायचे. प्रिंट कितीही निघोत, गडद, फिकट, कडा कापलेले. ते वाटून टाकायचे. निगेटिव्ह एकच. प्रिंटला फायनल म्हटलेलं मी त्या घरात कधी ऐकलं नाही.

तसं शहाणपण मलाही एकदा सुचलं होतं. २००७ साली आलेलं लाइटरूम हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाही. काय बदललं त्याची फक्त नोंद ठेवतं. त्यात व्हर्च्युअल कॉपी काढता येते. एक रंगीत, एक कृष्णधवल, एक चौकोनी, आणि डिस्कवर फाइल एकच. म्हणजे बाबांचं पाकीटच की! दोन महिने मी अगदी गुणी मुलीसारखी वागले. मग लॅपटॉप गेला. फोटोंचा बॅकअप होता, कॅटलॉगचा, म्हणजे लाइटरूमच्या त्या नोंदवहीचा, नव्हता. आणि व्हर्च्युअल कॉप्या राहतात त्या कॅटलॉगातच. फोटो सगळे परत आले, कोरे. तेव्हापासून मी पुन्हा 'फायनल२' पंथात.

या पंथात जेपेगवर, म्हणजे दाबून लहान केलेल्या फोटो-फाइलवर, जेपेग चढतो. उजळमधून क्रॉप, क्रॉपमधून फायनल, आणि दर सेव्हला थोडं काहीतरी गळतं. 'खरंच फायनल' मोठा करून पाहिला, तर बाबांच्या मागच्या भिंतीवर बारीक चौकटी दिसल्या. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करतो, ते असे शेवटी वर येतात. भिंतीला पोपडे धरावेत तसे.

शेवटी सगळ्यांत जड फाइल उघडली. तीच मूळ. जरा तिरकी, बल्बच्या उजेडात पिवळी. आणि शर्ट हिरवट! माझ्या डोक्यात तो शर्ट आकाशी आहे, कितीतरी वर्षं. आईला फोन केला.

"पांढरा गं तो. मीच धुवायचे ना."

पांढरा असेल तर सोपंच आहे. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर जिथे टेकवावा ते पांढरं धरून सगळ्या फोटोचे रंग बदलतो. तो शर्टावर टेकवला. शर्ट लख्ख पांढरा झाला, आणि बाबांचा चेहरा निळसर पडला. शेवटच्या आठवड्यात होता, तसा.

सेव्ह करायचं का, असं विचारलं. नाही म्हटलं.