खणण्याआधी कसं कळतं?

माझ्या टेबलावरचं, पुरलेल्या खजिन्याचं कोडं घालणारं चित्रांचं पुस्तक आणि त्यावर अंथरलेला ट्रेसिंग पेपर पाहून घरी येणारे बहुतेक जण हेच विचारतात: "तुम्ही काही इंग्लंडला जाऊन खणणार नाही. मग काढलेलं उत्तर बरोबर आहे, हे कळतं कसं?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण या छंदातली माझी खरी गोडी त्यातच आहे.

पुस्तक आहे किट विल्यम्स या चित्रकाराचं 'मॅस्करेड', १९७९ सालचं. त्यानं स्वतः १८ कॅरेट सोन्याचा ससा घडवला, मातीच्या भाजलेल्या डबीत घातला आणि बॅम्बर गॅस्कॉइन या टीव्हीवरच्या निवेदकाला साक्षीदार ठेवून रात्री पुरला. कुठं, ते पुस्तकातल्या १५ चित्रांत दडवलं. ससा १९८२ मध्येच वर निघाला. मला पुस्तक मिळालं ते खूप नंतर, मुंबईत फोर्टाच्या फुटपाथवर. उत्तर वाचायचं नाही असं ठरवून बसलो. मी ड्राफ्ट्समन, रेघा मारणं हा माझा धंदाच.

प्रत्येक चित्रात कुठंतरी ससा आहे आणि चित्राभोवतीच्या चौकटीत इंग्रजी अक्षरं आहेत. मी सगळे ससे रेघांनी जोडले, रेघा चौकटीला जिथं भिडल्या तिथली अक्षरं उचलली. पावसाळाभर हेच चाललं होतं. अक्षरं उलटसुलट लावता लावता एका इंग्लिश गावाचं नाव निघालं, तेव्हा आनंदानं मला रात्री झोप लागली नाही. दोन अक्षरं तेवढी उरत होती. ती मुद्दाम चकवा म्हणून घातली असणार, असं मी मनाला पटवलं.

ती दोन अक्षरंच सांगत होती की उत्तर चुकलंय. मी चित्राचं ऐकत नव्हतो, माझं म्हणणं चित्राकडून वदवून घेत होतो.

शेवटी हार मानून उत्तर वाचलं आणि मग स्वतः पट्टी ठेवून पाहिलं. चित्रातल्या जिवाच्या डाव्या डोळ्यातून निघायचं, डाव्या हाताच्या सर्वांत लांब बोटावरून रेघ चौकटीपर्यंत न्यायची. तिथं एक अक्षर मिळतं. मग डावा डोळा आणि डाव्या पायाचं सर्वांत लांब बोट. मग तसंच उजव्या बाजूला. ही रीतही पुस्तकातच दाखवलेली आहे: एका चित्रात न्यूटनच्या बोटांना दोरे बांधून बाहुल्या टांगल्या आहेत. एकेका चित्रातून एकेक शब्द किंवा छोटा शब्दसमूह मिळतो आणि ओळीनं वाक्य तयार होतं. त्याचा मथितार्थ असा: कॅथरिनच्या लांब बोटाची सावली जिथं पडते तिथं पिवळा ताईत पुरला आहे, विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी, मध्याह्नाला बघा.

इथवर आलो तरी मी सावधच होतो. वाक्य काय, माझ्या चुकीच्या रीतीतूनही गावाचं नाव निघालं होतंच. पण आता १५ चित्रांतून आलेल्या १५ तुकड्यांची आद्याक्षरं ओळीनं वाचा: 'क्लोज बाय ॲम्प्टहिल'. म्हणजे ॲम्प्टहिलजवळ. बेडफर्डशरमधल्या या गावाच्या पार्कात आठव्या हेन्रीच्या पहिल्या राणीच्या, कॅथरिनच्या स्मरणार्थ एक उंच क्रूस उभा आहे. तेच ते लांब बोट. एकही अक्षर उरलं नाही, एकही वाकवावं लागलं नाही. मी मागितलं होतं वाक्य, आणि चित्रांनी न मागता गावही दिलं. बरोबर उत्तर असं ओळखू येतं. आपण घातलं त्याहून जास्त ते परत देतं.

फावडं मात्र इतकं खात्रीचं नसतं. माइक बार्कर आणि जॉन रूसो या दोन भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी हे कोडं रीतसर सोडवलं, त्या जागी खणलंही, तरी ससा त्यांच्या हाती लागला नाही. तो मिळाला टोपणनावानं वावरणाऱ्या एका माणसाला. कोडं न सोडवता, ओळखीतून कळलेल्या माहितीवर तो तिथं पोचला होता, हे १९८८ मध्ये उघडकीला आलं. मला त्या दोन शिक्षकांबद्दल आजही वाईट वाटतं. माझ्या लेखी ससा त्यांचाच.

तरी माझी एक शंका उरली होती. विषुवदिनच का? वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून दोन्ही वेळा मध्याह्नाच्या सावलीचं टोक एकाच जागी पडायला हवं. हे पडताळायला इंग्लंड कशाला? मार्चमध्ये सांगलीतल्या आमच्या गच्चीवर सहा फुटी काठी ओळंब्यानं सरळ उभी केली. इथं मार्चमध्ये सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात पाऊण वाजत आलेला असतो, म्हणून आधीपासूनच सावली मोजत बसलो. सर्वांत आखूड झाली तेव्हा ती पावणेदोन फुटांच्या जरा पुढं होती. ॲम्प्टहिलला याच काठीची सावली साडेसात फुटांच्या वर गेली असती, इतका सूर्य तिथं कललेला. टोकाशी पावसात जाऊ नये म्हणून ऑइलपेंटनं खूण केली.

सप्टेंबरात काठी पुन्हा तिथंच उभी केली. ढग होते. बाराच्या सुमाराला ऊन पडलं, सावली हळूहळू आखडत गेली आणि टोक खुणेवर येऊन टेकलं.